मोठ्या आतड्यातली साधी गाठ: सुरी लागण्याआधी तिचं नाव कळायला हवं

उणे ९०. सीटी स्कॅनमध्ये मोठ्या आतड्यातल्या गाठीच्या बरोबर मध्यभागी हा आकडा आला, तर पेशंटचं एक-दीड फूट आतडं वाचू शकतं. आकडा हाउन्सफील्ड युनिटचा. या मोजपट्टीवर पाणी शून्यावर, हवा उणे १००० वर आणि स्नायू अधिक ४० ते ६० च्या आसपास असतो. चरबी उणे ४० ते उणे १२० मध्ये बसते. गाठ गोल, कडा रेखीव, आतून सगळीकडे एकसारखी आणि आकडा या पट्ट्यात असेल, तर ती चरबीची गाठ आहे, म्हणजे लायपोमा. कॅन्सरचा आकडा इथे येत नाही.

एवढी स्वस्त आणि पक्की खूण हाताशी असूनही लायपोमासाठी कॅन्सरचं मोठं ऑपरेशन होतं. मुख्य कारण एकच. रिपोर्टमध्ये 'मास लेजन इन सीकम', म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात गाठ, एवढंच लिहिलेलं असतं आणि घनता मोजून घ्या असं रेडिओलॉजिस्टला कुणी सांगितलेलं नसतं. हा लेख पेशंटचे नातेवाईक आणि आपले फॅमिली डॉक्टर या दोघांसाठी आहे. लायपोमावर जास्त लिहिलं आहे, कारण मोठ्या आतड्यातल्या नेहमीच्या पॉलिपखालोखाल साध्या गाठींमध्ये तोच जास्त सापडतो. बाकीच्या दुर्मीळ गाठी शेवटी घेतल्या आहेत, आणि त्यातल्या दोन अशा आहेत की त्यांची गल्लत जिवावर बेतू शकते.

आधी एक शब्दांचा घोळ सोडवतो. आपल्याकडे गुदद्वारातून नळी घालून आतडं आतून पाहतात त्यालाही 'दुर्बीण' म्हणतात आणि पोटाला छोटी भोकं पाडून करतात त्या ऑपरेशनलाही 'दुर्बीण'च. 'दुर्बिणीतून गाठ काढणार' असं ऐकून घरची मंडळी सही करतात आणि नंतर पोटावरचे टाके पाहून चमकतात. सही करण्याआधी विचारा: कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून) की लॅपरोस्कोपी (पोटाला भोकं पाडून)? या लेखात हेच दोन शब्द वापरले आहेत.

लायपोमाची पहिली नोंद १७५७ सालची, बाउअर यांची. शवविच्छेदनांच्या मालिकांमध्ये तो ०.२ ते ४.४ टक्के माणसांत सापडलेला आहे. यातल्या बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ता नव्हता. पन्नाशी ते सत्तरीच्या दरम्यान तो जास्त दिसतो, उजव्या बाजूला म्हणजे सीकम आणि तिथून वर चढणाऱ्या भागात, असेंडिंग कोलनमध्ये जास्त, आणि दहातल्या नऊ वेळा आतल्या अस्तराच्या लगेच खालच्या थरात, सबम्युकोसात. तूप-तेलाशी किंवा वजनाशी याचा संबंध जोडून पेशंटला दोष देऊ नये. बारीक माणसालाही होतो, आणि पथ्य पाळल्यानं तो विरघळत नाही.

दोन सेंटीमीटरपर्यंतचा लायपोमा सहसा गप्प असतो. त्याहून मोठा झाला की त्रास सुरू होतो, आणि चार सेंटीमीटरच्या पुढच्याला 'जायंट' म्हणतात. आतडं त्याला अन्नाचा घास समजून पुढे ढकलत राहतं. रोज ढकलून ढकलून गाठ लांबते आणि तिला देठ येतो. टोकावरचं अस्तर घासून तिथे व्रण पडतो आणि रक्त झिरपतं. त्यातून तीन तक्रारी येतात: अधूनमधून पोटात कळा, शौचावाटे रक्त, आणि कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब. उजव्या बाजूचं रक्त शौचात मिसळून जातं, डोळ्यांना दिसत नाही. मग हिमोग्लोबिन ७-८ वर आल्यावर शोध सुरू होतो. क्वचित देठाला पीळ बसून गाठ तुटते आणि पेशंटला शौचावाटे पिवळा मांसल गोळा पडल्याचं दिसतं. असा गोळा फेकू नये. स्वच्छ डबीत घालून लगेच पॅथॉलॉजी लॅबमध्ये न्यावा.

आपल्या भागात पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात गोळा लागला की यादी लांब होते: आतड्याचा क्षय, अपेंडिक्सचा जमलेला गोळा, कॅन्सर, क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार), अमीबाचा गोळा. लायपोमा या यादीत शेवटीही नसतो. क्षयाचा संशय घेऊन 'एकेटी (क्षयाची औषधं) सुरू करून बघू' हा निर्णय घेण्याआधी सीटीवर घनता मोजून घ्यायला पाच मिनिटं लागतात. सहा महिन्यांची औषधं यकृताला सोपी नसतात.

आता सीटीबद्दल थोडं बारकाईनं, कारण सगळा डोलारा याच तपासणीवर उभा आहे. मोजमापाचं वर्तुळ गाठीच्या मध्यभागी ठेवायचं. कडेला ठेवलं तर शेजारची भिंत किंवा हवा त्यात मिसळते आणि आकडा फसवा येतो. गाठ दीड सेंटीमीटरहून लहान असेल तर जाड काप निरुपयोगी, एक-दीड मिलिमीटरचे काप मागावेत. हवा मिसळलेलं शौचसुद्धा उणे आकडा दाखवतं, पण त्यात ठिपके दिसतात आणि पेशंटला पालथं केलं की ते जागा बदलतं. गाठ हलत नाही. व्रण पडलेल्या किंवा पीळ बसलेल्या लायपोमात सूज आणि रक्त असतं. त्याचे काही भाग शून्याच्या वर जातात आणि रिपोर्टमध्ये लायपोसार्कोमाची, म्हणजे चरबीच्या कॅन्सरची, शंका लिहून येते. अशा वेळी एमआरआय कामाला येतो. साध्या टी-वन चित्रात गाठ पांढरी आणि चरबीची चमक दाबलेल्या चित्रात तीच काळी दिसली, तर तो चरबीचा पुरावा झाला.

आणखी एक फसगत सीकमच्या तोंडाशी, इलिओसीकल व्हॉल्व्हपाशी होते. काहींच्या या झडपेच्या ओठांत मुळातच चरबी जास्त असते. ती दोन्ही ओठांत सारखी पसरलेली असते आणि तिला कवच नसतं. ती गाठ नव्हे, तिला हात लावायचा नाही. लायपोमा एका बाजूला असतो, गोल असतो आणि आतड्याच्या पोकळीत फुगवटा आणतो.

कोलोनोस्कोपीत लायपोमा गुळगुळीत, पिवळसर आणि मऊ दिसतो. बंद चिमट्यानं दाबलं तर उशीसारखा खड्डा पडतो आणि चिमटा काढला की हळूहळू भरून येतो. वरचं अस्तर चिमट्यात धरून उचललं तर तंबूसारखं वर येतं, गाठ खालीच राहते. एकाच जागी पुन्हा पुन्हा नमुना घेतला तर आतून पिवळी चरबी डोकावते. पण चिमट्यानं दाबून पाहणं ही पायरी कधीही वगळू नये. कारण गाठ पिवळी आहे म्हणून ती लायपोमाच, असं नाही. विशेषतः रेक्टममध्ये, म्हणजे गुदद्वाराच्या लगेच वरच्या भागात, पिवळी, गुळगुळीत पण दाबल्यावर टणक लागणारी छोटी गाठ न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) असू शकते. तिची जातकुळी वेगळी आणि उपचारही वेगळे. रंग दोघींचा सारखाच, तेव्हा तिथे चिमट्याच्या स्पर्शावर विसंबायचं.

बायॉप्सीचा रिपोर्ट 'नॉर्मल म्युकोसा', म्हणजे अस्तर ठीक, असा येतो, त्यावर दोन टोकाचे गैरसमज आहेत. एक, 'बायॉप्सी नॉर्मल, म्हणजे काही नाही'. दोन, 'बायॉप्सी चुकली, म्हणजे कॅन्सर लपलाय, मोठं ऑपरेशन करून टाका'. दोन्ही चूक. चिमटा अस्तराचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा घेतो आणि गाठ त्याच्या खाली आहे. रिपोर्ट बरोबर आहे, फक्त तो गाठीचा नाही. अस्तराच्या खालच्या गाठींचं निदान सीटी, एमआरआय आणि एंडोसोनोग्राफीनं (नळी घालून आतड्याच्या आतून केलेल्या सोनोग्राफीनं) होतं.

एंडोसोनोग्राफीत आतड्याची भिंत पाच थरांत दिसते, आतून बाहेर पांढरा-काळा-पांढरा-काळा-पांढरा. लायपोमा तिसऱ्या थरात पांढराशुभ्र दिसतो. स्नायूंची गाठ, म्हणजे लिओमायोमा, दुसऱ्या किंवा चौथ्या थरात काळसर दिसते. लसिकावाहिन्यांची गाठ तिसऱ्याच थरात, पण पाण्यासारखी काळी आणि आत पडदे असलेली. अडचण अशी की एंडोसोनोग्राफीची नेहमीची जाड नळी सिग्मॉइडच्या, म्हणजे रेक्टमला लागून असलेल्या वळणदार भागाच्या, पुढे नेणं कठीण असतं. उजव्या बाजूसाठी कोलोनोस्कोपच्याच वाहिनीतून जाणारी बारीक मिनीप्रोब लागते आणि ती सगळीकडे नसते. ती नाही म्हणून अडून राहू नये. सीटीत चरबी पक्की दिसली असेल तर तेवढं पुरे.

तीन सेंटीमीटरचा पक्का लायपोमा, काही त्रास नाही, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडला. काय करायचं? आमचं मत: काहीही नाही. गाठीचा कॅन्सर होत नाही. दर सहा महिन्यांनी सीटी काढत बसणं म्हणजे विनाकारण किरणोत्सर्ग. पेशंटला कळा, रक्त, पोट फुगणं ही लक्षणं समजावून सांगायची आणि सोडायचं. तसेच पेशंटनंही 'गाठ आहे ना, मग काढूनच टाका' असा आग्रह धरू नये.

त्रास असेल आणि गाठ दोन सेंटीमीटरच्या आत असेल, किंवा मोठी पण बारीक देठाची असेल, तर कोलोनोस्कोपीतून काढता येते. इथे एक धोका नीट समजून घ्यायला हवा. नेहमीचा पॉलिप तारेच्या फासात धरून विजेच्या करंटनं कापतात. चरबीत पाणी कमी, त्यामुळे करंट तिच्यातून नीट जात नाही. फास गाठीत रुततो, कापत नाही. करणारा करंट वाढवतो, वेळ वाढवतो आणि उष्णता चरबीऐवजी शेजारच्या भिंतीत उतरते. सीकमची भिंत मुळातच पातळ. त्यात जो 'देठ' दिसतो तो प्रत्येक वेळी नुसता अस्तराचा नसतो. गाठ ओढली जाताना स्नायूंचा थर आणि बाहेरचं आवरणही आत ओढलं गेलेलं असू शकतं. अशा देठावर फास चालवणं म्हणजे आतड्याला आरपार भोक. हे भोक कधी टेबलावरच दिसतं, कधी भाजलेला भाग दोन-तीन दिवसांनी गळून पडल्यावर उघडतं. म्हणून अशा प्रक्रियेनंतर पोट दुखणं, ताप, नाडी वाढणं याला गॅस समजून घरी थांबू नये.

करंट टाळण्याचा मार्ग आहे. देठाच्या तळाशी नायलॉनचा सुटा फास, एंडोलूप, आवळायचा आणि गाठ तशीच सोडायची. आवळल्यावर ती जांभळी पडते, रक्तपुरवठा तुटतो आणि काही दिवसांत गळून जाते. वरचं अस्तर कापून छप्पर उघडलं तर चरबी आपोआप बाहेर येऊ लागते, आणि त्याच वेळी तपासणीला नमुनाही मिळतो. छप्पर न उघडता नुसताच फास लावला तर गाठ शौचात जाते आणि पॅथॉलॉजीला काहीच मिळत नाही. ज्या गाठीचं निदान शंभर टक्के पक्कं नाही तिथे हे करू नये.

चार सेंटीमीटरहून मोठी आणि रुंद बुडाची गाठ, व्रण पडलेली, आतडं अडवणारी, किंवा कॅन्सर नाही असं खात्रीनं सांगता येत नाही अशी गाठ असेल, तर ऑपरेशन. किती कापायचं हा प्रश्न इथे येतो.

ऑपरेशनच्या तयारीत गाठीची जागा निश्चित करणं सर्वांत महत्त्वाचं. लायपोमा मऊ असतो, लॅपरोस्कोपीच्या लांब चिमट्यांना तो जाणवत नाही. बाहेरून आतडं अगदी नॉर्मल दिसतं. म्हणून आधी कोलोनोस्कोपीत टॅटू करून घ्यायचा: प्रथम सलाइनचा फुगा, मग त्यात अर्धा ते एक मिलिलिटर कार्बनची शाई, गाठीच्या गुदद्वाराकडच्या बाजूला, आतड्याच्या परिघावर दोन-तीन ठिकाणी. एकाच ठिकाणी टोचली आणि ती जागा नेमकी मागच्या बाजूला आली तर ऑपरेशनमध्ये दिसत नाही. सुई खोल गेली तर शाई पोटात पसरते आणि सगळंच काळं होतं. गाठ सीकममध्येच असेल तर टॅटूची गरज नाही. कोलोनोस्कोपीतून काढायचा विचार असेल तर गाठीच्या खाली शाई कधीच टोचू नये. तिथे व्रणासारखी घट्ट जाळी तयार होते आणि गाठ सुटत नाही.

टॅटू नसेल तर ऑपरेशनच्या टेबलावर कोलोनोस्कोपी करावी लागते. तेव्हा हवा नव्हे, कार्बन डायऑक्साइड वापरायचा आणि लहान आतड्याच्या शेवटाला आधी मऊ क्लॅम्प लावायचा. नाहीतर लहान आतडी फुगतात आणि पुढचा तासभर काहीच दिसत नाही.

आतडं साफ करण्याचं औषध नेहमीप्रमाणे दोन लिटर पाण्यातून. पण पेशंटला उलट्या होत असतील, पोट फुगलं असेल, आतडं अडल्याची शंका असेल, तर ते पाजायचं नाही. अडलेल्या आतड्यावर दोन लिटर ओतणं म्हणजे फुटायला निमंत्रण. सुरी लागण्याआधीच्या तासाभरात सेफाझोलिन २ ग्रॅम आणि मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम शिरेतून.

निदान पक्कं असेल आणि गाठीचं बूड लहान असेल तर आतड्याचा तुकडा कापायचीही गरज नाही. आतड्याचा तो भाग छोट्या चिरेतून बाहेर घ्यायचा आणि टीनियावर, म्हणजे कोलनवरून लांबीच्या दिशेनं धावणाऱ्या स्नायूपट्टीवर, उभा छेद घ्यायचा. गाठ बाहेर काढायची, तळाचं अस्तर कापून शिवायचं. आणि आतडं बंद करताना तो उभा छेद आडवा शिवायचा. उभाच शिवला तर ती जागा अरुंद होते आणि एका अडथळ्याच्या जागी दुसरा तयार होतो. गाठ सीकमच्या तळाशी, झडपेपासून दूर असेल तर लिनियर स्टेपलरनं भिंतीचा पाचरासारखा तुकडा काढता येतो. स्टेपलर मिटवण्याआधी झडप मोकळी आहे याची खात्री करायची. झडपेच्या ओठातच गाठ असेल तर नुसतं सोलून काढण्याचा मोह टाळावा, तोंड आकसतं. तिथे छोटं इलिओसीकल रिसेक्शन, म्हणजे झडपेसकट तो तुकडा कापून काढणं, बरं.

बूड आतड्याच्या निम्म्या परिघाहून मोठं असेल, गाठी अनेक असतील, किंवा व्रण खोल असेल, तर तो भाग कापून दोन टोकं जोडावी लागतात. पण साध्या गाठीचं रिसेक्शन आणि कॅन्सरचं रिसेक्शन यात फरक आहे. कॅन्सरमध्ये रक्तवाहिनी मुळाशी बांधून लसिकाग्रंथींसकट सगळा पंखा काढतात. लायपोमात रक्तवाहिन्या आतड्याच्या भिंतीलगत बांधायच्या, दोन्हीकडे थोडं चांगलं आतडं घेतलं की झालं. उजव्या बाजूला काम करताना ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) आणि उजवी मूत्रवाहिनी मात्र दोन्ही ऑपरेशनांत तितकीच जपावी लागते.

'लॅपरोस्कोपीनं उजवं हेमिकोलेक्टॉमी आता सोपं झालंय, करून टाकू', म्हणजे मोठ्या आतड्याची उजवी बाजूच काढू, असा युक्तिवाद ऐकू येतो. तो आम्हाला पटत नाही. आतड्याचा प्रत्येक जोड गळू शकतो. उजव्या हेमिकोलेक्टॉमीत शंभरातल्या साधारण तीन ते आठ जणांचा गळतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग गेला तर पित्त कोलनमध्ये उतरून पातळ जुलाब होऊ शकतात, आणि तुकडा लांब असेल तर बी-ट्वेल्व्हही कमी पडतं. जी गाठ कधी जीव घेणार नव्हती तिच्यासाठी ही किंमत जास्त आहे.

मात्र निदान खरोखर अनिश्चित असेल, सीटीवर मिश्र घनता, टणक, व्रण पडलेली गाठ, आसपास फुगलेल्या ग्रंथी, तर तिथे कंजुषी करायची नाही. कॅन्सरचं पूर्ण ऑपरेशन करायचं. कॅन्सरला अपुरं कापणं ही दोन्हींतली मोठी चूक.

टेबलावर निर्णय घेताना फ्रोझन सेक्शनवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना तुकडा गोठवून केलेल्या तपासणीवर, फार भिस्त ठेवू नये. या तपासणीच्या नेहमीच्या तपमानाला चरबी नीट गोठत नाही, काप फाटतात, पॅथॉलॉजिस्ट काही ठामपणे सांगू शकत नाही. त्यापेक्षा काढलेला तुकडा बाजूच्या टेबलावर उघडून गाठ मधोमध कापावी. पातळ कवचात एकसंध पिवळी चरबी दिसली की उत्तर मिळालं. फ्रोझन पाठवायचंच असेल तर व्रणाच्या कडेचा तुकडा पाठवावा. कॅन्सर असला तर तो तिथेच सापडेल.

आता तातडीच्या प्रसंगाकडे येऊ. देठाची मोठी गाठ पुढे ढकलली जाताना आपल्यामागे आतड्यालाही ओढून घेते आणि आतड्यात आतडं शिरतं. डॉक्टरी भाषेत इंटससेप्शन. हा प्रकार मुख्यतः लहान मुलांचा, प्रौढांचा वाटा सुमारे पाच टक्के. पण मुलांमध्ये बहुधा कारण सापडत नाही आणि प्रौढांत बहुधा सापडतंच. मोठ्या आतड्यात ते कारण निम्म्याहून अधिक वेळा कॅन्सर असतं, आणि साध्या कारणांत लायपोमा पहिला. प्रौढ पेशंट आठवडे-महिने येणाऱ्या-जाणाऱ्या कळा सांगतो. आतडं शिरतं आणि आपोआप सुटतं, त्यामुळे कळ थांबल्यावर केलेली सोनोग्राफी नॉर्मल येते. कळ चालू असताना केली तर आडव्या छेदात कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं दिसतात.

सीटीवर इथे एक सापळा आहे. आतडं आत शिरताना आपल्या मेसेंटरीची, म्हणजे त्याला रक्तवाहिन्या पुरवणाऱ्या पडद्याची, चरबीही बरोबर नेतं, आणि तिचाही आकडा उणे ९० च येतो. ती चरबी चंद्रकोरीसारखी असते आणि तिच्यात रक्तवाहिन्यांचे ठिपके असतात. लायपोमा शिरलेल्या भागाच्या अगदी टोकाला असतो, गोल असतो, आत रक्तवाहिन्या दिसत नाहीत. हा फरक पाहिला नाही तर कॅन्सरला लायपोमा म्हणण्याची उलटी चूक होते. डाव्या बाजूचा प्रकार कधी थेट गुदद्वाराबाहेर येतो आणि त्याला बाहेर आलेली मूळव्याध समजलं जातं. बोट घालून पाहिलं की कळतं: मूळव्याधीच्या बाजूनं बोट वर सरकत नाही, इथे गोळ्याच्या चारही बाजूंनी बोट आत जातं.

ऑपरेशनमध्ये शिरलेलं आतडं बाहेर काढावं की तसंच कापावं? लायपोमा पक्का असेल आणि आतडं जिवंत असेल तर सोडवावं, म्हणजे कमी कापावं लागतं. सोडवताना पुढच्या टोकाकडून हातानं दाबत मागे सारायचं, मागून ओढायचं नाही. सुजलेलं आतडं ओढलं की फाटतं. सुटल्यावर कोमट सलाइनच्या कपड्यात दहा मिनिटं गुंडाळून ठेवायचं, मग रंग, हालचाल आणि मेसेंटरीतली धडधड पाहायची. काळं, मऊ पडलेलं, वास येणारं आतडं सोडवू नये. कॅन्सरची शंका असेल तरी सोडवू नये, एकसंध काढावं. सुजून जाड झालेल्या भिंतीवर स्टेपलरच्या पिना नीट मिटत नाहीत. तिथे ३-० धाग्यानं हातानं शिवलेला जोड जास्त भरवशाचा. पेशंट शॉकमध्ये असेल, पोटात पू असेल, तर जोडच करू नये. आतड्याचं तोंड पोटावर काढावं आणि काही महिन्यांनी आत घ्यावं. नातेवाइकांना पिशवी पाहून धक्का बसतो, पण त्या रात्री तीच सुरक्षित असते.

ऑपरेशननंतर चौथ्या ते सातव्या दिवसात लक्ष जास्त हवं. जोड गळायचा तर बहुधा याच दिवसांत. ताप नसला तरी नाडी ११० च्या वर राहणं, पोट पुन्हा फुगणं, खांद्यात दुखणं, 'आज बरं वाटत नाही' असं पेशंटनं म्हणणं, यातलं काहीही असलं तर सीटी करून घ्यावा. सगळं सुरळीत असेल तर ऑपरेशनच्या दिवशीच्या संध्याकाळपासून पाणी, दुसऱ्या दिवशी खोलीत चालणं, झेपेल तसं मऊ खाणं. गॅस सुटेपर्यंत उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता सोडायला हवी.

बाकीच्या गाठींकडे वळताना स्नायूंच्या गाठीपासून सुरुवात करतो. अस्तरालगतच्या बारीक स्नायूतून आलेला लिओमायोमा छोट्या पॉलिपसारखा दिसतो, फासानं काढता येतो, संपतो. जाड स्नायूतून आलेली गाठ मात्र नुसती पाहून सांगता येत नाही. लिओमायोमा, श्वानोमा (मज्जातंतूच्या आवरणाची गाठ) आणि जिस्ट (गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर) या तिघी सीटीवर सारख्याच. जिस्टमध्ये पुढे पसरण्याची क्षमता असते. फरक इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीवर, म्हणजे पेशींतली प्रथिनं रंगवून ओळखण्याच्या चाचणीवर, ठरतो: डेस्मिन आणि एसएमए पॉझिटिव्ह तर लिओमायोमा, एस-१०० पॉझिटिव्ह तर श्वानोमा, सीडी-११७ आणि डॉग-१ पॉझिटिव्ह तर जिस्ट. 'स्पिंडल सेल ट्यूमर' एवढ्यावर रिपोर्ट थांबला असेल तर तो अपुरा आहे, लॅबमधून ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) घेऊन पुढच्या चाचण्या करून घ्या. ऑपरेशनमध्ये या गाठी फुटू द्यायच्या नाहीत आणि पोटातून पिशवीत घालूनच बाहेर काढायच्या, कारण जिस्ट निघाली आणि ती फुटली असेल तर ती पोटभर रुजू शकते.

रेक्टम आणि सिग्मॉइडचा कॅव्हर्नस हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची स्पंजासारखी गाठ, ही पहिली धोक्याची जागा. विशीतला मुलगा किंवा मुलगी, लहानपणापासून न दुखता रक्त पडतंय, मूळव्याधीचं ऑपरेशन एकदा-दोनदा झालंय, तरी रक्त थांबत नाही. असा इतिहास असेल तर ओटीपोटाचा साधा एक्स-रे काढा. तरुण माणसाच्या ओटीपोटात खड्यांसारखे गोल पांढरे ठिपके पुंजक्यानं दिसले तर ते शिरांमधले कॅल्शियमचे खडे, आणि निदान जवळपास झालंच. एमआरआयच्या टी-टू चित्रात जाड झालेली भिंत चमकते. कोलोनोस्कोपीत निळसर-जांभळे फुगवटे दिसतात. त्यांची बायॉप्सी घ्यायची नाही. एका चिमट्यानं रक्तस्राव इतका होऊ शकतो की रात्रीच पोट उघडावं लागतं. उपचार म्हणजे तो भाग काढून, गुदद्वाराचे स्नायू राखून कोलन खाली आणून जोडणं. हे काम नेहमी करणाऱ्या हातांकडेच पाठवावं.

दुसरी धोक्याची जागा गँग्लिओन्यूरोमा, म्हणजे मज्जातंतूंची गाठ. एकटा छोटा पॉलिप असेल तर फासानं काढला की विषय संपला. अनेक असतील तर काउडन सिंड्रोम आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिस हे आनुवंशिक आजार शोधावे लागतात. भिंतभर पसरलेला असेल तर मेन-टू-बी हा आनुवंशिक आजार मनात आणायचाच: ओठ आणि जिभेवर बारीक गाठी, उंच सडपातळ बांधा. या माणसांना थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर कमी वयात होतो आणि अॅड्रिनल ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे रक्तदाब वाढवणारे हार्मोन सोडणारी गाठ, असू शकतो. तो माहीत नसताना भूल दिली तर रक्तदाब अचानक २५०-३०० वर जाऊन पेशंट टेबलावर दगावू शकतो. म्हणून कोणत्याही ऑपरेशनआधी रक्त किंवा लघवीतले मेटानेफ्रिन्स, म्हणजे या गाठीची खूण असलेली रसायनं, तपासायचे. फिओक्रोमोसायटोमा सापडला तर आधी त्याचे उपचार, मग थायरॉइड, आतडं सर्वांत शेवटी.

लसिकावाहिन्यांची गाठ अर्धपारदर्शक, पाण्याच्या फुग्यासारखी असते, दाबली की आकार बदलते. त्रास नसेल तर सोडून द्यायची.

काढलेला तुकडा दहा टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रव घेऊन, रुंद तोंडाच्या भांड्यात पाठवावा. कोंबून भरलेल्या बरणीत मधला भाग सडतो. फॉर्मवर 'लायपोमा, व्रण आहे' असं स्पष्ट लिहावं, कारण व्रणाखालच्या चरबीत मेलेल्या आणि चिडलेल्या पेशी विचित्र दिसतात आणि सार्कोमाचा भास होतो. तसा रिपोर्ट आला तर घाबरून दुसरं ऑपरेशन ठरवण्याआधी एमडीएम-टू चाचणी करून घ्यावी. निगेटिव्ह आली तर लायपोसार्कोमा असण्याची शक्यता फार कमी राहते.

लायपोमा पूर्ण निघाल्यावर त्याच्यासाठी पुन्हा सीटीची गरज नाही. पण गाठीमुळे कोलोनोस्कोप पुढे गेला नसेल, तर उरलेलं कोलन कुणीच पाहिलेलं नाही. शेजारी खरा पॉलिप किंवा कॅन्सर असू शकतो. तीन ते सहा महिन्यांत पूर्ण कोलोनोस्कोपी करून घ्यायची, आणि डिस्चार्ज कार्डावर तिची तारीख लिहून घ्यायची.